स्थानिक भाषा येत नसताना परदेशात नोकरी मिळते का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ 29 वर्षांचे आहेत, चिंचवडला राहतात आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सहा वर्षे डिझाइन इंजिनिअर म्हणून काम करत आहेत. त्यांच्या पत्नी बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या असून एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नोकरीला आहेत. दोघांचेही इंग्रजी कामापुरते चांगले आहे. जर्मन किंवा डच यांपैकी एकही भाषा येत नाही. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये भाषेवाचून नोकरी मिळेल का, की आधी दोन वर्षे भाषेला द्यावीत, असे त्यांनी विचारले आहे. एका एजंटाने ‘भाषेची गरजच नाही, तिकडे गेल्यावर आपोआप येते’ असे सांगून दोघांचे मिळून साडेचार लाख रुपये मागितले आहेत, तेव्हा ते द्यावेत का, हाही प्रश्न त्यात आहे.

मी गेली 19 वर्षे पुण्यात जर्मन शिकवते आणि त्यांपैकी 12 वर्षे परदेशी नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांची कागदपत्रे, त्यांनी निवडलेल्या जाहिराती आणि मुलाखतींची तयारी पाहते. भाषा शिकवणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे मी ‘आधी भाषा शिका’ एवढेच सांगणार, असे अनेकांना वाटते. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट लिहिते. तुम्हाला स्वतःला जर्मन न येता जर्मनीत नोकरी मिळू शकते, आणि डच न येता नेदरलँड्समध्ये मिळण्याची शक्यता त्याहूनही थोडी अधिक आहे. तुमच्या पत्नींना मात्र या दोन्ही देशांत परिचारिका म्हणून तिथल्या भाषेवाचून काम करता येणार नाही. एकाच घरातल्या दोघांना एकाच देशासाठी अशी दोन वेगळी उत्तरे मिळतात, कारण भाषा किती हवी हे देशापेक्षा कामावर अवलंबून असते. काम करताना तुमच्यासमोर संगणक असतो, सहकारी असतो, गिऱ्हाईक असते की आजारी माणूस असतो, हे आधी पाहावे आणि देशाचा विचार त्यानंतर करावा.

भाषेची अट तीन ठिकाणी येते आणि या तिन्हींची सरमिसळ झाली की माणूस फसतो. पहिले ठिकाण म्हणजे व्हिसाचा कायदा, दुसरे म्हणजे कंपनीची जाहिरात आणि तिसरे म्हणजे नोकरी लागल्यानंतरचा रोजचा दिवस. ‘भाषेची गरज नाही’ हे तुमच्या एजंटाचे वाक्य पहिल्या ठिकाणापुरते, आणि तेही तुमच्यापुरतेच, खरे आहे.

आधी कायदा पाहू. जर्मनीचे ब्लू कार्ड हा पदवीधरांसाठीचा मुख्य परवाना आहे आणि तो मिळवण्यासाठी जर्मन भाषेची कोणतीही परीक्षा लागत नाही. पदवी तिथे मान्य असावी लागते, पदवीला साजेशा कामाचे नियुक्तिपत्र हातात असावे लागते आणि पगार ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असावा लागतो. 2025 साली ही मर्यादा वर्षाला 48,300 युरो होती. ज्या व्यवसायांत तिथे माणसांची टंचाई आहे त्यांच्यासाठी ती 43,759.80 युरो होती, आणि अभियंते या दुसऱ्या गटात येतात. आकडे दर जानेवारीत बदलतात, त्यामुळे अर्जाच्या वर्षाचा आकडा पाहावा. पदवी मान्य आहे की नाही, हे ‘अनाबिन’ या जर्मन सरकारी माहितीसाठ्यात पाहता येते: विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ अशी नोंद हवी आणि पदवीचे नावही त्या यादीत सापडायला हवे. हे काम तुम्ही आज रात्री घरी बसून अर्ध्या तासात करू शकता आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. ब्लू कार्डधारकाच्या पती किंवा पत्नीलाही प्रवेशाआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे नोकरी करण्याची मुभा मिळते. तिथे कायमचे राहायचे ठरवले की मात्र कायदा भाषा विचारू लागतो: ए1 पातळी असेल तर 27 महिन्यांनी आणि बी1 असेल तर 21 महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. (भाषेच्या युरोपीय पातळ्या ए1, ए2, बी1, बी2, सी1, सी2 अशा चढत्या क्रमाने मोजतात; ए1 म्हणजे अगदी सुरुवातीची.)

नेदरलँड्सचा ‘केनिसमिग्रांट’, म्हणजे उच्चकुशल स्थलांतरिताचा परवाना याहूनही सुटसुटीत आहे. त्यालाही भाषेची अट नाही. तो मिळवून देणारी कंपनी तिथल्या स्थलांतर खात्याची, म्हणजे आयएनडीची, मान्यताप्राप्त प्रायोजक असावी लागते आणि अशा कंपन्यांची यादी खात्याने सर्वांसाठी खुली ठेवलेली आहे. तुमच्या बाबतीत वयाकडे नीट लक्ष द्यावे. 2025 साली तिशीच्या आतल्या उमेदवारासाठी किमान मासिक पगार 4,171 युरो होता आणि तिशी पूर्ण झालेल्यासाठी 5,688 युरो. सुट्टीचा भत्ता यात धरलेला नाही. दरमहा दीड हजार युरोंचा हा फरक केवळ एका वाढदिवसामुळे पडतो, म्हणून नेदरलँड्सचे अर्ज करायचे असतील तर ते तिसाव्या वाढदिवसाआधी मार्गी लागतील असे पाहावे. आयन्डहोवेनच्या परिसरात, विशेषतः वेल्डहोवेन येथील एएसएमएल (चिप बनवण्याची यंत्रे तयार करणारी कंपनी) आणि तिला पुरवठा करणाऱ्या कंपन्यांत, अभियंत्यांचे रोजचे काम इंग्रजीतच चालते. तुमच्या क्षेत्रातून तिकडे वळता येण्यासारखे काम आहे का, याचा विचार जरूर करावा.

जर्मनीच्या ‘चान्सनकार्टे’बद्दल, म्हणजे संधी कार्डाबद्दल, थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पुण्यात सध्या सर्वांत जास्त विक्री याचीच चालू आहे. 1 जून 2024 पासून सुरू झालेल्या या कार्डावर नोकरी हातात नसताना एक वर्षापर्यंत जर्मनीत राहून नोकरी शोधता येते. भाषेची किमान अट ए1 पातळीचे जर्मन किंवा बी2 पातळीचे इंग्रजी अशी आहे; म्हणजे कागदोपत्री जर्मनचा एकही शब्द न येता हे कार्ड मिळू शकते. त्यासोबत स्वतःच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. 2025 साली ती दरमहा 1,091 युरो, म्हणजे वर्षाला 13,092 युरो होती, आणि बहुतेक जण ती गोठवलेल्या बँक खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, ठेवतात. आठवड्याला 20 तास अर्धवेळ काम करता येते, दोन आठवड्यांपर्यंतचे चाचणीकामही करता येते.

हे कार्ड वाईट नाही, पण भाषेवाचून ते घेऊन जाणे मला धोक्याचे वाटते. घरी बसून इंग्रजीत केलेल्या अर्जांना जी उत्तरे येत नाहीत, ती केवळ जर्मनीतल्या पत्त्यावरून अर्ज केला म्हणून येऊ लागत नाहीत. अर्धवेळ कामे दुकानांत, गोदामांत आणि हॉटेलांत मिळतात आणि तिथला मुकादम इंग्रजी बोलेलच असे नाही. माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांनी या कार्डाचा खरा उपयोग करून घेतला, त्यांच्याकडे जाण्याआधीच बी1 होते आणि दोन-तीन कंपन्यांशी बोलणे सुरू झालेले होते. ज्यांनी कर्ज काढून, ए1 सुद्धा न करता विमान पकडले, त्यांपैकी दोघांना मी नवव्या महिन्यात परत येताना पाहिले आहे. पैसे गेले, शिवाय नोकरीत वर्षभराचा खंड पडला, आणि पुण्यात पुन्हा मुलाखत देताना त्या खंडाचे उत्तर त्यांना शोधावे लागले. तुमच्याकडे चालू नोकरी आहे. ती सोडून शोध घेण्यापेक्षा ती करत असतानाच शोध घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जाहिरातींकडे वळू. जर्मन कंपन्या भाषेबद्दल काय लिहितात हे शब्दाशब्दाने वाचायला शिकले, तर तुमचे निम्मे फुकट जाणारे अर्ज टळतील. जाहिरात पूर्णपणे इंग्रजीत असेल आणि कामाची भाषा इंग्रजी असे त्यात स्पष्ट म्हटलेले असेल, तर ती तुमच्यासाठी आहे. ‘डॉइचकेंटनिसे फॉन फोर्टाइल’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ जर्मन येत असल्यास फायदा. तिथेही नक्की अर्ज करावा. ‘गुटे डॉइचकेंटनिसे’, म्हणजे जर्मनचे चांगले ज्ञान, याचा व्यवहारातला अर्थ बी1 ते बी2 असा घ्यावा. तुमचा अनुभव तंतोतंत जुळत असेल तरच तिथे वेळ द्यावा. ‘फ्लीसंड’, म्हणजे अस्खलित, आणि ‘फेरहांडलुंग्सझिशर’, म्हणजे वाटाघाटीला बसले तरी अडखळणार नाही इतके पक्के, हे दोन शब्द दिसले की जाहिरात सोडून द्यावी. सर्वांत फसवी जाहिरात ती, जी संपूर्ण जर्मनमध्ये आहे, इंग्रजी उत्तम हवे असे म्हणते आणि जर्मनचा उल्लेखच करत नाही. माझे अनेक विद्यार्थी अशी जाहिरात भाषांतरयंत्रातून वाचतात आणि जर्मनची अट नाही म्हणून हरखून जातात. प्रत्यक्षात तिथे जर्मन इतके गृहीत धरलेले असते की ते लिहिण्याची गरज कोणाला वाटलेली नसते.

कोणत्या कामांत इंग्रजी पुरते, याचाही अंदाज हुद्द्यावरून येतो. संगणकीय विश्लेषण, वाहनांतील सॉफ्टवेअर, बॅटरी, संशोधन केंद्रांतील डिझाइन या कामांचे गट अनेक देशांतल्या माणसांचे असतात आणि त्यांची बोलणी इंग्रजीत होतात. उत्पादन नियोजन, गुणवत्ता तपासणी, पुरवठादारांशी व्यवहार, यंत्रांची देखभाल या कामांत समोर कारखान्यातला कामगार, फोरमन किंवा लहान गावातला पुरवठादार असतो आणि तिथे जर्मनवाचून निभावत नाही. भोसरीच्या कारखान्यात मराठी किंवा हिंदी न येणारा परदेशी सुपरवायझर आणून बसवला तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी. त्यात सुरक्षिततेचाही प्रश्न आहे: यंत्र अडकले आणि शेजारचा कामगार ओरडला, तर तो काय ओरडला हे त्या क्षणी समजायला हवे. आयटीआय झालेल्या फिटर, टर्नर, वायरमन मुलांना मी म्हणूनच जर्मन शिकल्याशिवाय जर्मनीचा विचारही करू देत नाही. 2024 साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत जो करार केला, त्यातही मुलांना आधी जर्मन शिकवण्याची तरतूद आहे.

तुम्ही डिझाइनमध्ये आहात आणि जर्मन येत नाही असे म्हणता, पण ते पूर्ण खरे नसावे, असा माझा अंदाज आहे. पुण्याच्या वाहन उद्योगात जर्मन ड्रॉइंग हाताळले नाही असा डिझाइन इंजिनिअर क्वचितच सापडतो. ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील चौकट डोळ्यांसमोर आणा. तिथे ‘मासश्टाब’ म्हणजे प्रमाण, ‘वेर्कश्टॉफ’ म्हणजे धातू किंवा मटेरियल, ‘ओबरफ्लेशे’ म्हणजे पृष्ठभाग असे शब्द असतात. ‘आलगमाइनटोलरान्सन’, म्हणजे मापांत चालणारा सर्वसाधारण फरक, आणि त्यापुढे डिन आयएसओ 2768 हा त्याच्या मानकाचा क्रमांक, हे जुन्या ड्रॉइंगवर हमखास दिसते. ‘आल्ले कांटन एंटग्राटेट’ म्हणजे सगळ्या कडांची बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार कोर) काढलेली असावी. माझ्या वर्गात आलेल्या एका डिझाइन इंजिनिअरला मी पहिल्याच आठवड्यात त्याच्या कंपनीत येणाऱ्या ड्रॉइंगांवरचे जर्मन शब्द एका वहीत उतरवून आणायला सांगितले. चौथ्या दिवशी त्याच्या वहीत 74 शब्द होते आणि त्यांतले पन्नासेक त्याला अर्थासकट माहीत होते; ते जर्मन आहेत हेच त्याच्या ध्यानात आले नव्हते. तुम्हीही ही वही करावी. ती मुलाखतीत तुमच्या उपयोगी पडेल, कारण जर्मन ड्रॉइंग वाचता येते हे कौशल्य अर्जात स्वतंत्र ओळीत लिहिण्यासारखे आहे.

अर्जात भाषेची पातळी जशी असेल तशीच लिहावी. ‘जर्मन: प्राथमिक’ असे मोघम न लिहिता ‘जर्मन: ए1 पूर्ण, ए2 चालू, परीक्षा अमुक महिन्यात’ असे लिहिले की समोरच्याला तुमची वाटचाल दिसते. तळेगावच्या एका विद्यार्थ्याची मुलाखत मला आठवते. तासभर सगळे बोलणे इंग्रजीत झाले. शेवटी गटप्रमुखाने सहज जर्मनमध्ये विचारले की तुम्ही जर्मन कधीपासून शिकता आहात. त्याने दोनच वाक्यांत उत्तर दिले: आठ महिन्यांपासून शिकतो आहे, ए2 झाले आहे आणि जूनमध्ये बी1ची परीक्षा देणार आहे. व्याकरणात एक चूकही झाली. पण नंतर त्याला कळवलेल्या निर्णयात त्या उत्तराचा आवर्जून उल्लेख होता. त्या नोकरीला जर्मनची अट नव्हती. हा माणूस इथे रुजायला तयार आहे का, एवढेच त्यांना पाहायचे होते.

नोकरी लागल्यानंतरचे दिवस कसे जातात, हे जाण्याआधी कोणी सांगत नाही. बैठक इंग्रजीत होते, पण तुम्ही खोलीबाहेर पडलात की तेच चौघे कॉफी घेताना जर्मनमध्ये बोलू लागतात आणि बैठकीत अर्धवट राहिलेला निर्णय तिथे पूर्ण होतो. कोणी मुद्दाम तसे करत नाही. मातृभाषेत बोलणे सोपे जाते इतकेच. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्यासाठी घरमालकाचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो आणि हा सगळा व्यवहार बहुतेक ठिकाणी जर्मनमध्येच चालतो. करारही जर्मनमध्ये असतो. माझ्या एका विद्यार्थिनीला कंपनीने सोयीसाठी कराराची इंग्रजी प्रत दिली होती आणि तिने तीच वाचून सही केली. मतभेद झाल्यास जर्मन प्रत प्रमाण मानली जाईल, असे शेवटच्या कलमात लिहिलेले होते. आणि 24 महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास स्थलांतराचा खर्च परत करावा लागेल, हे कलम फक्त जर्मन प्रतीत होते. तिने चौदाव्या महिन्यात नोकरी बदलायचे ठरवले तेव्हा ते समोर आले. म्हणून सही करण्याआधी जर्मन प्रत जाणत्या माणसाकडून ओळीओळीने वाचून घ्यावी. परिविक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा, काळ जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो आणि त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या सूचनेवर करार संपवता येतो, हेही लक्षात ठेवावे. भाषेअभावी माणूस गटात मिसळला नाही तर त्याचा परिणाम याच सहा महिन्यांत दिसतो.

आता तुमच्या पत्नींविषयी. त्यांचे शिक्षण आणि अतिदक्षता विभागाचा अनुभव यांना जर्मनीत मोठी मागणी आहे, आणि तरीही त्यांच्यासाठी भाषा टाळता येण्याजोगी नाही. परिचारिकेचा व्यवसाय तिथे परवान्याचा आहे आणि व्यवसायाच्या मान्यतेसाठी साधारणपणे बी2 पातळी मागितली जाते. तिथे गेल्यावर अनुकूलन प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा पूर्ण होईपर्यंत साहाय्यक म्हणून काम करावे लागते आणि पगारही तसाच असतो. ही अट जाचक आहे, असे मला कधीच वाटले नाही. मी परिचारिकांच्या वर्गात एक वाक्य नेहमी घेते: ‘मिअर इस्ट श्लेश्ट’. श्लेश्ट म्हणजे वाईट, हे ए1 मध्येच शिकवलेले असते. त्यामुळे या वाक्याचा अर्थ ‘मला वाईट वाटते आहे’ असा बहुतेक जणी सांगतात आणि रुग्णाला धीर देणारे चार शब्द बोलायला लागतात. प्रत्यक्षात रुग्ण सांगत असतो की मला मळमळते आहे, आणि त्याला त्या क्षणी धीराऐवजी भांडे हवे असते. ‘मिअर इस्ट श्विंडेलिश’, म्हणजे मला चक्कर येते आहे, हे न समजल्यामुळे रुग्ण पलंगावरून उतरताना पडू शकतो. शिफ्ट बदलताना जी ‘यूबरगाबे’ होते, म्हणजे एका परिचारिकेने दुसरीला रुग्णांची माहिती सोपवायची असते, ती भराभर, संक्षेपांत आणि अनेकदा स्थानिक बोलीच्या वळणाने होते. पुण्याच्या अतिदक्षता विभागात काम केलेल्या तुमच्या पत्नींना याचे महत्त्व मी सांगायला नको.

जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज असा आहे की बी1 पर्यंत पोहोचायला 45 मिनिटांच्या 350 ते 650 तासिका लागतात आणि बी2 पर्यंत 600 ते 800. आठवड्याला 10 तासिका धरल्या तर बी2 ला सव्वा ते दीड वर्ष लागते, आणि रात्रपाळ्या सांभाळून शिकणाऱ्या परिचारिकेने दोन वर्षे धरावीत. बोट क्लब रस्त्यावरचे मॅक्समुल्लर भवन (गोएथे इन्स्टिट्यूटचे पुण्यातले केंद्र) किंवा फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग, या दोन्ही ठिकाणी शिकवणी भरवशाची आहे. खाजगी वर्गही चांगले आहेत, पण ‘तीन महिन्यांत बी2’ अशी पाटी दिसली तर आत जाऊ नये. इंग्रजीवरच निघायचे असेल तर त्यांच्यासाठी ब्रिटन, आयर्लंड किंवा आखाती देश हे मार्ग आहेत. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनासाठी 6.5 आणि बाकी तिन्ही भागांत 7 गुण लागतात; आखाती देशांत जाताना पारपत्रावर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का नसला तरी परिचारिकांना ई-मायग्रेट या भारत सरकारच्या ऑनलाइन यंत्रणेतूनच जावे लागते. पण तुम्ही जर्मनीत आणि त्या ब्रिटनमध्ये, असा संसार करायचा का, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवायचे आहे.

एजंटाच्या साडेचार लाखांचा प्रश्न मी मुद्दाम आतापर्यंत मागे ठेवला, कारण वरचे सगळे वाचल्यावर त्याचे उत्तर तुम्हाला दिसत असेल. परदेशी मालकासाठी भारतातून माणसे भरती करणाऱ्याची 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असावी लागते आणि ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी, याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. परिचारिकांच्या बाबतीत तर जर्मन शासनाचे न्याय्य भरतीचे स्वतंत्र मानचिन्ह आहे आणि ते मिळालेल्या संस्थांनी उमेदवाराकडून भरतीचा खर्च घ्यायचा नसतो. तो रुग्णालयाने करायचा असतो. केरळ शासनाची नोर्का संस्था जर्मन यंत्रणांबरोबर चालवत असलेला ट्रिपल विन कार्यक्रमही याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे तुमच्या एजंटाला नोंदणी क्रमांक, मालकाचे नाव आणि पैशांची बाबवार पावती, या तीन गोष्टी लेखी मागाव्यात. अतिदक्षता विभागात काम केलेल्या परिचारिकेला ‘भाषेची गरज नाही’ असे सांगणाऱ्या माणसाला एकतर त्या व्यवसायाची माहिती नाही किंवा तो ती लपवतो आहे, आणि दोन्ही परिस्थितींत त्याच्या हातात पैसे देऊ नयेत, असे मी ठामपणे सांगते.

पुण्यात राहण्याचा एक फायदा तुम्ही अजून वापरलेला दिसत नाही. चाकण, रांजणगाव आणि हिंजवडीत जर्मन कंपन्यांचे कारखाने आणि अभियांत्रिकी केंद्रे आहेत. अशा कंपनीत इथे नोकरी धरून पुढे मूळ कंपनीत बदली घेणे, हा भाषा न येणाऱ्यासाठी मला सर्वांत सुरक्षित वाटणारा मार्ग आहे. कंपनीअंतर्गत बदलीच्या परवान्यासाठी भाषेची अट नसते. आधी किमान सहा महिने त्याच उद्योगसमूहात काम केलेले असावे लागते आणि तज्ज्ञ म्हणून तीन वर्षांपर्यंत राहता येते. त्या परवान्यावर दुसऱ्या मालकाकडे जाता येत नाही, ही त्याची मर्यादा आहे. पण तुम्ही तिथल्या लोकांना आधीपासून ओळखत असता, त्यांची कामाची पद्धत माहीत असते आणि घर शोधण्यापासून मदत करणारे कोणीतरी असते.

जपानविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी तुमच्या वयाचे बरेच जण तो पर्यायही पाहतात म्हणून थोडक्यात लिहिते. 2019 मध्ये सुरू झालेल्या विशिष्ट कौशल्य परवान्याला एन4 किंवा समकक्ष जपानी लागते (जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत एन5 सर्वांत सोपी आणि एन1 सर्वांत अवघड पातळी). अभियंत्याच्या परवान्यात भाषेची कायदेशीर अट नसली तरी मुलाखत बहुधा जपानीतच होते. शिवाय त्या परीक्षेत बोलण्याचा भाग नसल्यामुळे एन3 झालेली मुलेही मुलाखतीत गप्प बसतात. जपानी शिकणाऱ्याने बोलण्याचा सराव वेगळा करायलाच हवा.

तुमच्या दोघांसाठी मी क्रम असा लावेन. तुम्ही या महिन्यात अनाबिनवर पदवी तपासा, विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या प्रती मागवा आणि नोकरी न सोडता इंग्रजी जाहिरातींना अर्ज सुरू करा. आठवड्याला तीन अर्ज, पण प्रत्येक अर्ज त्या जाहिरातीसाठी नव्याने लिहिलेला. ए1 चा वर्ग दोघांनी एकत्र सुरू करावा. तुम्ही बी1 पर्यंत हळूहळू गेलात तरी चालेल. तुमच्या पत्नींनी बी2 वरच लक्ष ठेवावे आणि त्यांच्या पाळ्यांप्रमाणे वर्गाची वेळ निवडावी, कारण मधल्या रजा आणि बुडालेल्या तासिका यांमुळेच परिचारिकांची परीक्षा लांबते. तुम्हाला आधी नोकरी लागली तर तुम्ही पुढे जावे आणि त्यांनी इथली नोकरी सोडण्याची घाई करू नये; अतिदक्षता विभागातला अनुभव चालू राहणे त्यांच्या मान्यतेच्या अर्जालाही उपयोगी आहे. परीक्षेच्या जागा पुण्यात लवकर भरतात, तेव्हा वर्गात नाव घालतानाच परीक्षेची तारीख विचारून ठेवा. आणि तुमच्या ड्रॉइंगवरच्या शब्दांची वही पहिल्या आठवड्यापासूनच भरायला घ्या.